घराचा होकार

आमच्या आतोबांइतका घराचा धाक बाळगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि घरावर इतका जीव टाकणाराही. घर आचऱ्याजवळच्या एका वाडीतलं, फार जुनं. जांभ्या दगडाच्या हातभर जाड भिंती आणि त्यांवर डोळ्यांपर्यंत ओढलेल्या टोपीसारखं गवताचं छप्पर. दार इतकं ठेंगणं की पाहुण्याच्या कपाळाला टेंगूळ यायचंच. त्यावर खोबरेल चोळत आतोबा समाधानानं म्हणत, "घरान तुका वळखल्यान." भिंतीत खिळा मारण्याआधी ते दगडावर हळूच टकटक करत. आत्याशी भांडायचं झालं की दोघं अंगणाच्या टोकाला, फणसाखाली जात, यथेच्छ भांडत आणि पाय धुऊन आत येत. "घरात नको गो, ता मनाक लावन घेता." त्यांच्या मुंबईच्या मुलाला गवत काढून स्लॅब घालायचा विषयही फणसाखालीच काढावा लागे.

पावसाआधी छप्पर नव्यानं शाकारायचं, त्या दिवशी देवाला घालावं तसं आतोबा घरालाच गाऱ्हाणं घालत. गडी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणत. मग आतोबा बोट वर करून थांबत. आतल्या अंधारातून एक उशिराचं, घोगरं "व्हय म्हाराजा" येई. आम्ही शहाणी माणसं हसू दाबत असू, कारण आत्या तेवढी आत असे. आतोबा म्हणत, "म्हातारां झालां घर. दम खाता, मगे बोलता."

आतोबा गेल्यानंतरचा हा पहिला पावसाळा. मुलानं छप्पर उतरवायचं ठरवलं होतं, पण गाऱ्हाण्याशिवाय गडी गवताला हात लावीनात. मुलगा मला म्हणाला, "दादा, तूच घाल. घराचो होकार इलो तर शाकारू, नायतर स्लॅब. पण आवशीक भायर उभी कर."

आत्याचा हात धरून मी अंगणात उभा राहिलो. "बा घरा म्हाराजा, आजवर जशी सावली दिलंस, तशीच या गवताखाली दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गडी म्हणाले.

मी आतोबांसारखं बोट वर केलं. आत्याचे ओठ मिटलेले होते. फणसाचं पानही हलत नव्हतं. थोडं थांबून मुलानं मोजायची टेप उघडली.

तेव्हा रिकाम्या घरातून ते आलं, आधी एक जड श्वास आणि मग हळू, दरवर्षीच्याच घोगऱ्या आवाजात, "व्हय म्हाराजा."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मुलानं चपला काढल्या आणि गवताची पहिली पेंढी स्वतःच खांद्यावर घेतली.

"आज लयच दम खाल्ल्यान," आत्या म्हणाली, आणि माझा हात ओढत फणसाकडे निघाली. तिला रडायचं होतं.