आयझिरेकची नोंद

माझी मधली जाऊ झुराकान. तिच्याबद्दल गावात कुणालाही विचारा, आधी हसतील. "ती होय, पिठाच्या पोत्यांशेजारी कॉम्प्युटर ठेवणारी!" हसा, मेल्यांनो, हसा. तुमच्या शेताला पाणी कुठल्या दिवशी मिळणार ते बघायला त्याच कॉम्प्युटरपाशी येता ना?

नारीन शहराच्या टेलिफोन कचेरीत तिनं सत्तावीस वर्षं काढली. कचेरी बंद झाली, यंत्रं भंगारात निघाली, त्यातलं एक हिनं भाच्याच्या गाडीत घालून घरी आणलं आणि कोठीघरात मांडलं. त्यावर ती काय काय चालवते! पाटाच्या पाण्याच्या पाळ्या, कुणाच्या मेंढ्यांना कधी लस टोचली त्याची यादी, म्हाताऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतलेले पदार्थ. प्रत्येकाला वेगळा प्रोग्रॅम, आणि एकाचंही नाव कुणी ऐकलेलं नाही. जगात कुठंतरी बसलेली चार वेडी माणसं असलं काही बनवतात आणि फुकट वाटतात म्हणे. ही ते शोधून काढते आणि घरच्याच यंत्रावर चालवते. "आपलं मीठ दुसऱ्याच्या फडताळात कशाला ठेवायचं?" म्हणते.

त्यातलाच एक प्रोग्रॅम वंशावळीचा. आमच्यात ज्याला सात पिढ्यांच्या बापांची नावं येत नाहीत त्याला माणसांत धरत नाहीत. कुळाची वंशावळ आधी शहरातल्या कुणाच्या तरी साइटवर ठेवलेली होती. ती साइट एक दिवस बंद पडली आणि दोनशे वर्षांचे बाप गायब. मग आमचे मोठे भावजी कापडात गुंडाळलेली जुनी वही घेऊन झुराकानच्या दारात आले. त्यांचं नाव मी घेत नाही. सुनांनी सासरच्या थोरल्यांचं नाव घ्यायचं नसतं, नाहीतर आज चव्हाट्यावर घेतलं असतं.

झुराकाननं सगळा हिवाळा बसून वही उतरवली. वहीत नुसते पुरुष. तिच्या दिवंगत नवऱ्यापाशी रेघ थांबते आणि पुढे लिहिलंय, "वंश नाही." वंश नाही? मग आयझिरेक कोण होती? एकोणीस वर्षांची होऊन गेली पोर. न्यूमोनिया झाला, खिंड बर्फानं बंद आणि दवाखाना खिंडीपलीकडे. तिच्या वेण्या मी माझ्या हातांनी घातल्यात. प्रोग्रॅममध्ये लेकींनाही जागा होती. झुराकाननं "वंश नाही" लिहिलं नाही, आयझिरेक लिहिलं. मग तिचा हात थांबेना. घरोघर जाऊन विचारलं आणि आया, बहिणी, लेकी, सगळ्या भरल्या.

वसंतात कुळाची मेजवानी ठरली. तिथं वंशावळ मोठ्या पडद्यावर दाखवायची होती. आठ दिवस आधी मोठे भावजी चार पुरुषांना घेऊन तिच्याकडे आले. त्यांत आमचे हेही. मी चहा ओतत होते.

"झुराकान, त्या बायका काढ," भावजी म्हणाले.

"का काढू, भावजी?"

"लेक म्हणजे घरातली पाहुणी. पाहुण्यांची नावं कुणी वंशावळीत लिहितं का? लोक हसतील."

"मला हसतातच. सवय झालीय."

"जीभ आवर! आमच्या बापजाद्यांची वही आहे ती."

"वही तुमची, ही घ्या परत. यंत्र माझं आहे."

"मग मेजवानीला पडद्यावर काय तुझं कपाळ दाखवायचं?"

झुराकान जराही हलली नाही. "घरातल्या थोरल्यांना बदल करायची मुभा मी पहिल्याच दिवशी दिलीय. काढायचंय तर तुम्हीच तुमच्या फोनवरून काढा. माझ्या हातून होणार नाही."

मला वाटलं, आता तरी लाजतील. कसलं काय! भावजींनी चष्मा लावला, फोन काढला, आणि सगळ्यांत आधी शोधलं कुणाला, तर आयझिरेकला. "खरंच काढायचं?" असं फोननं विचारलं. यंत्राला विचारावंसं वाटलं, माणसाला नाही! भावजींनी बोट दाबलं. तिच्या बापाच्या नावाखाली पुन्हा रिकामं.

मी किटली आपटली आणि आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. मान खाली. सख्ख्या भावाची लेक, आणि तोंडातून ब्र नाही! घरी गेल्यावर त्यांना काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. पण खरं सांगू? जास्त राग मला माझाच आला होता. किटली आपटण्यापलीकडे मी तरी काय केलं?

झुराकान रडली नाही. "चहा घ्या," एवढंच म्हणाली.

त्या प्रोग्रॅमची एक खोड आहे. कुठलंही नाव काढलं की कुळातल्या सगळ्यांच्या फोनवर निरोप जातो, कुणाचं काढलं आणि कुणी. भावजींच्या ते गावीही नव्हतं. पहिला पेला संपायच्या आत त्यांचा फोन वाजला. बिश्केकला शिकणारी नात, मेरिम, त्यांचा जीव की प्राण. भावजींना कमी ऐकू येतं, फोन कायम मोठ्या आवाजात, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं.

"आजोबा, आयझिरेक आत्याला तुम्ही काढलंत?"

"अगं, ते... कुळाचं काम आहे."

"मलाही काढणार?"

"तुला कसा काढेन गं, वेडे!"

"मग तिनं काय केलं होतं?"

भावजी आवाज कमी करायचं बटण शोधायला लागले. तिनं पुन्हा विचारलं. शेवटी तिनंच फोन ठेवला. लगेच दुसरा वाजला, ओशहून पुतण्याचा. मग तिसरा, मॉस्कोहून. बरोबर आलेल्यांनी एकेक करून टोप्या उचलल्या आणि मेंढरं बघायची आहेत म्हणून सटकले. आले होते शूरवीर!

झुराकान कोठीघरात गेली. रोज ती सगळ्याची एक प्रत काढून ठेवते. कालच्या प्रतीतून तिनं आयझिरेकची नोंद घेतली आणि बापाच्या नावाखाली परत लावली. पण बदलांच्या यादीत ओळ राहिलीच, की या तारखेला आयझिरेकला काढलं, आणि पुढे भावजींचं पूर्ण नाव. ते दारात उभे राहून ती ओळ वाचत होते, टोपी हातात.

"झुराकान," आवाज पार उतरला होता, "ही ओळ पुसता येते का?"

"येते की," ती म्हणाली. "यंत्र माझंच आहे. पण पुसणार नाही."