मल्लूअण्णांनी परस्पर ठरवलेलं माझं लग्न

मल्लूअण्णा आज पहाटे गेले.
त्यांनी माझ्याबद्दल एकदा खोटं सांगितलं होतं. त्याचा राग अजून आहे की गेला, मला खरंच कळत नाहीये.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा, सगळे सिनेमाची गाणी वाजवणारे.
आम्ही कॉलेजचे पाच जण मात्र स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी करायचो. मी गायचे.
पहिल्या प्रोग्रॅमला जवळपास सगळे आमचे नातेवाईकच. त्यातलेही निम्मे मध्येच उठले.

शेवटपर्यंत बसलेला एकच अनोळखी माणूस, मल्लूअण्णा. मिलच्या ऑफिसात क्लार्क. सुटीच्या दिवशी आमच्यासारख्या, कुणी न विचारणाऱ्या ग्रुप्सची पब्लिसिटी करायचे.

"गाणं चांगलं हाय. लोकास्नी म्हाईत न्हाय, एवढंच," म्हणाले.

मग दर रविवारी टांग्याला भोंगा बांधून निघायचे. मराठीत ओरडायचे, कन्नडमध्ये ओरडायचे, विणकरांच्या वस्तीत शिरले की तेलुगूत.
पेपरच्या ऑफिसात इतक्या चकरा, की तिथला शिपाई न विचारता चहा पुढं करायचा.

माझे वडील शिक्षक. पोरीचं नाव भिंतीवर नको, म्हणाले.
अण्णा तीन संध्याकाळी आमच्या घरी येऊन बसले. काय बोलले, माहीत नाही.
चौथ्या दिवशी मिलच्या भिंतीवर माझं नाव होतं, आडनावासकट.

वर्षभरात हॉल भरायला लागला.

अण्णांनी मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीला पत्रांमागून पत्रं लिहिली. शेवटी एक साहेब आले, ऐकून गेले.
पुढं काहीच झालं नाही. आवडलं नसेल, असं आम्ही धरून चाललो.
दोन वर्षांत ग्रुप मोडला. कुणी बँकेत लागलं, कुणी पुण्याला गेलं. मी शाळेत शिकवायला लागले.

चाळीस वर्षांनी एका लग्नात आमचा तबलेवाला सहज बोलून गेला.
"त्या साहेबाला फक्त तू हवी होतीस. अण्णांनी सांगितलं, तिचं लग्न ठरलंय, ती गाणं सोडतेय."

माझं लग्न त्यानंतर पाच वर्षांनी झालं.

मी तडक अण्णांच्या घरी गेले. त्यांनी नाकारलं नाही.

"तो तुला एकटीला मागत हुता. बाकीची चार पोरं माज्या भरवशावर हुती की."

"मग मला विचारायचं होतं, अण्णा."

"विचारलं असतं तर तू गेली असतीस."

गेले असते का मी? चौघांना सोडून? वडिलांना सोडून?
हे मी आजही स्वतःला विचारते.

आणि हाच माणूस माझ्या नावासाठी तीन संध्याकाळी वडिलांसमोर बसला होता. दोन्ही एकाच माणसानं कसं केलं?

दुपारी मातीला गेले होते. भजन चाललं होतं. त्यांची मुलगी जवळ येऊन म्हणाली, "आत्या, तुमचं एखादं म्हणा. बाबा शेवटपर्यंत गुणगुणत हुते."
म्हटलं. दुसऱ्या कडव्याला थांबले. रागानं की कशानं, सांगता येणार नाही.
उरलेलं तिनंच पूर्ण केलं. तिला सगळं पाठ होतं.

अण्णा, तुम्हाला माफ केलं की नाही, ते ठरलं नाही.
पण नमस्कार मनापासून आहे. शांत झोपा.