आष्टीचा पिच्चर डिस्कवर येतोय

डिस्कच्या डब्याच्या कण्यावर, म्हणजे कडेच्या अरुंद पट्टीवर, नाव कोणत्या दिशेने छापावं, यावर जगातल्या चित्रपट कंपन्यांचं एकमत नाही, आणि त्याचं प्रायश्चित्त माझी मान घेते आहे. निम्मी नावं वरून खाली, निम्मी खालून वर. मी कपाटासमोर उभा राहिलो की होकार देतोय की नकार, हे बायकोला कळत नाही.

जुन्या आणि कलात्मक चित्रपटांच्या येऊ घातलेल्या डिस्कांची यादी मी या ब्लॉगवर देतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. यंदा जपानी आहेत, हंगेरियन आहेत, आणि पार तळाशी एक मराठी. आमच्या जालना जिल्ह्यातल्या आष्टीत चित्रित झालेला, थिएटरात कधीच न लागलेला. पुण्यात शिकत असताना एका फिल्म क्लबात मी तो पाहिला होता. आष्टीत कुणीच पाहिलेला नाही. डिस्क दिवाळीनंतर येणार. माझा मित्र दिगंबर आष्टीचाच. त्याला फोन केला, तर म्हणाला, "पंडित, असं फोनवर नको. माय वाट पाहून राह्यली. तूच येऊन सांग."

जाणाऱ्यांसाठी: जालन्याहून परतूरपर्यंत रेल्वे उत्तम. पुढे एसटीची वाट पाहणं हा स्वतंत्र मोक्षमार्ग आहे. तेवढी साधना नसेल तर जीप. भाडं किरकोळ, पण गुडघे शेजाऱ्याच्या हवाली करावे लागतात. माझ्या शेजाऱ्याने विचारलं, "आष्टीत कोणाकडं?" सांगितलं.

"पिच्चरवाले का? माझा चुलता हाये त्यात. पाठमोरा."

"पाठमोरा ओळखू येईल?"

"चुलता हाये. बराबर येतो."

ज्या शेतात चित्रीकरण झालं तिथे तेव्हा ज्वारी होती, आता मोसंबी आहे. दिगंबरने जालन्याहून एक जुना प्लेअर दुरुस्त करून आणलाय. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, त्यावर रुमाल घालून ठेवलाय. जेवायला येसराची आमटी, भाकरी, ठेचा. या जेवणासाठी वाकडी वाट करायला हरकत नाही.

तव्यापाशी बसूनच काकूंनी विचारलं, "बाबा, तू पाह्यलास ना पिच्चर? आमचे हे बांधावरून चालत जातेत म्हणं त्यात."

दिगंबरचे वडील चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत गेले. घरात त्यांचा एकच फोटो आहे, तोही खुर्चीत बसलेला.

"हो काकू."

"कसे चालतेत?"

"सावकाश," मी म्हणालो. कलात्मक चित्रपटात सगळेच मंदाक्रांता वृत्तात चालतात, तेव्हा हे उत्तर चुकणं शक्य नव्हतं.

काकूंनी भाकरी उलटली. "सावकाश? ते न्हाई बाबा. त्यांच्यामागं पळून पळून माझी चप्पल तुटायची."

"माय, डायरेक्टरनं सांगितलं असंल, हळू चला म्हणून," दिगंबरने माझी बाजू घेतली.

"त्यांनी माझं कधी ऐकलं न्हाई, डायरेक्टरचं ऐकतेत व्हय?" मग भाकरी टोपल्यात टाकून म्हणाल्या, "येऊ दे ती तबकडी. चेहरा हाये फोटोत. चाल इसरून राह्यले मी."

परतूरपर्यंत दिगंबरने मोटारसायकलवर सोडलं. मांडीवर मोसंब्यांची पिशवी होती. रस्ता बरा आहे, फक्त पुलाजवळ जपून. वाटेत तो प्लेअरबद्दल बोलत होता, मी हं हं करत होतो.

घरी येऊन डोळे मिटले आणि तो चित्रपट आठवून पाहिला. विहीर आठवते. पांढरं आकाश आठवतं. एका बाईचा कडब्यावर टेकलेला हात आठवतो. बांधावरून चालत जाणारा माणूस आठवत नाही. तो संकलनात उरला की नाही, मला माहीत नाही. मी हो म्हणालो, कारण काकू विचारत होत्या. डिस्क काढणाऱ्या कंपनीला विचारलंय, उत्तर आलेलं नाही. दिवाळीनंतर काकू रुमाल काढून प्लेअरसमोर बसतील आणि बांध रिकामा निघेल, याची मला भीती वाटते.