डाळजचा दत्ता, दिल्ली आणि आम्ही

आमच्या घरी कुणालाही विचारा, सांगतील, "पोरगी दिल्लीला राहून वकील झाली." झाले, खोटं नाही. पण तिथं पाठ केलेली कलमं आता पुस्तक उघडल्याशिवाय आठवत नाहीत, आणि किस्से मात्र झोपेतून उठवून विचारा! किश्शांचं वेड्या बाभळीसारखं असतं. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, आणि दोन वर्षांनी बघावं तर बांधच दिसेनासा झालेला. आता आम्ही तिघं बारामतीत भेटलो की एक जण नुसतं म्हणतो, "ते ठेच्याचं आठवतंय का?" झालं! चहा गार होतो, हॉटेलवाला दोनदा येऊन बघून जातो, आणि सोबत कुणी नवा माणूस असला तर त्याची इंदापूरची एसटी हमखास चुकते.

तिघं म्हणजे कोण, ते सांगते. मी भवानीनगरची, वडील साखर कारखान्यात नोकरीला. सायली बारामतीची, म्हणजे तिच्या मते 'शहरातली'. आणि दत्ता, भिगवणजवळच्या डाळजचा. एकाच क्लासला लॉ एन्ट्रन्सची तयारी केली, पुण्यात नंबर लागला नाही, आणि दिल्लीतल्या एका खासगी युनिव्हर्सिटीत तिघांचाही लागला.

*

पहिल्याच दिवशी वर्गात ओळख परेड. मॅडम म्हणाल्या, नाव सांगा आणि स्वतःबद्दल एक इंटरेस्टिंग गोष्ट सांगा. पुढच्या बाकांवरून सुरुवात झाली. कुणी स्वित्झर्लंडला बर्फावर घसरून आलेलं, कुणी पियानो वाजवणारं. दत्तानं हॉस्टेलवर आरशासमोर उभं राहून एक वाक्य घोटून ठेवलं होतं. नंबर आला तसा उठला आणि दणक्यात म्हणाला, "माय ग्रँडफादर हॅड हंड्रेड शिप्स!"

त्याला म्हणायचं होतं मेंढरं. आजोबांची शंभरेक मेंढरं होती, आता घरात ऊस आहे. पण 'शीप'चं झालं 'शिप्स', आणि वर्गानं ऐकली जहाजं!

मधल्या सुट्टीत कबीर नावाचा मुलगा खास त्याला भेटायला आला. मोठ्या घरचा, वडिलांचा एक्स्पोर्टचा धंदा. "तुम्हारे दादाजी के शिप्स चलते कहाँ थे?"

"दिवाली के बाद कोकण में," दत्ता म्हणाला. "बारिश के पहले वापस."

"मॉन्सून में रिस्क होगा ना?"

"बहुत! कोकण की बारिश में एक भी नहीं टिकता."

कबीरनं जाणत्यासारखी मान हलवली. "और अभी कितने हैं?"

"अभी कुछ नहीं. चाचा ने बेच के ट्रॅक्टर लिया."

शंभर जहाजं विकून एक ट्रॅक्टर! कबीर जरा गडबडला, पण मोठ्या घराण्यांचं काही सांगता येत नाही असं त्याला वाटलं असावं. अदबीनं म्हणाला, "सब के सब बेच दिये?"

"सब नहीं," दत्ता म्हणाला. "एक-दो तो हर साल जत्रा में काट के खाते थे."

*

मेसमध्ये राजमा. उद्या राजमा. परवा काहीतरी वेगळं दिसलं म्हणून झाकण उघडावं तर छोले! सायलीनं पंधरवडाभर सहन केलं. मग एका रविवारी दुपारी म्हणाली, "बास झालं. मी माणसासारखं जेवणार आहे." घरून आलेल्या लवंगी मिरच्या काढल्या, लपवून ठेवलेली शेगडी लावली, तव्यावर तेल टाकलं आणि मिरच्या सोडल्या. दार बंद, खिडकी बंद, कारण शेगडीला बंदी.

पहिल्यांदा शिंकली ती आमची रूममेट तान्या. ती पक्की दिल्लीची. मग शेजारची खोली खोकायला लागली. मग जिना. बघता बघता अख्खा मजला नाकाला ओढण्या लावून खाली मैदानात! कुणीतरी आगीचा अलार्म दाबला, वॉचमन लाल नळकांडं खांद्यावर घेऊन पळत आला, आणि मागोमाग वॉर्डन मॅडम.

"कौन सी गॅस लीक हुई है?"

सायली डोळे पुसत पुढे झाली. "मॅडम, गॅस नहीं. ठेचा."

"ये ठेचा कौन सा केमिकल है?"

शेगडी जप्त, तवा जप्त, ठेच्याची वाटीसुद्धा पुरावा म्हणून जप्त! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला ऑफिसात बोलावणं आलं. आता हॉस्टेलमधून काढणार, घरी काय सांगायचं, म्हणून सायली वाटेत रडायच्या बेताला आलेली. आत गेलो तर वॉर्डन मॅडमच्या पुढ्यात अर्धा मुळ्याचा पराठा, आणि बाजूला ती वाटी. चाटून पुसून लख्ख.

मॅडमनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "बेटा, ये केमिकल और मिलेगा क्या?"

*

माझे वडील गाळप हंगाम संपल्यावर दिल्लीला आले. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. आण्णांनी उभा जन्म कारखान्याची नोकरी केली, वर ऊस घालणारे सभासदही आहेत, दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर घरी येते. त्यामुळे जगातली कुठलीही संस्था दिसली की ती सहकारीच असणार, असा त्यांचा समज. पांढरी टोपी, कडक इस्त्री, असे ते डीन सरांसमोर बसले. मध्ये दुभाषी मी.

आण्णांनी आधी इमारतीचं कौतुक केलं. मग विचारलं, "हितं सभासद किती हायेत?"

मी सांगितलं, की आण्णा, ही खासगी आहे, सभासद नसतात.

"मग वार्षिक सभा?"

"नसते."

"बरं. चेअरमन तरी हायेत का?"

डीन सरांना 'चेअरमन' तेवढं कळलं. ते खुशीत म्हणाले, "हाँ जी, चेअरमन साहब हैं. शुरू से वही हैं."

आण्णा पुढे सरकले. "शुरू से? मग इलेक्शन?"

"इलेक्शन नहीं होता जी."

आण्णांनी खिडकीतून ती काचेची उंच इमारत वरपासून खालपर्यंत बघितली. मग माझ्याकडे वळून काळजीनं म्हणाले, "अगं, मग ते पडत्यात कधी?"

निघताना दारातून पुन्हा माघारी फिरले, सरांना नमस्कार केला आणि विचारलं, "दिवाळीला पोरांना साखर देता का?"

मी भाषांतर केलं. डीन सर गंभीर झाले. "नहीं नहीं, शुगर का तो हम खुद परहेज करते हैं!"

*

थंडीच्या सुरुवातीला दिल्लीत धूर उतरतो. समोरची इमारत दिसत नाही, डोळे चुरचुरतात, वर्ग बंद, सगळं ऑनलाइन. तान्या मोबाइलमध्ये हवेचा आकडा बघून दर तासाला किंचाळायची. आईनं ते टीव्हीवर बघितलं आणि फोन केला.

"तिकडची हवा लई वंगाळ झालीया म्हणं?"

म्हटलं, "हो गं, श्वास घेववत नाही."

"मग ये की चार दिस घरला. हितं बी मळीचा वास सुटलाय, पण आपला हाय!"

*

तिसऱ्या वर्षी लीगल एडचं काम असतं. म्हणजे गावात जाऊन लोकांना फुकट सल्ला द्यायचा. दिल्लीच्या कडेच्या एका गावात, पिंपळाखाली टेबल टाकून मी आणि दत्ता बसलो. मार्क या कामाला चांगले असतात, आणि आमचे सर मागं खुर्ची टाकून सगळं बघत होते.

दोन भाऊ आले. बांधावरून वर्षानुवर्षं भांडण. थोरला हात जोडून म्हणाला, "वकील साहब, हमारा राजीनामा करवा दो."

दत्ताला धक्काच बसला. "राजीनामा? बिल्कुल नहीं!"

"क्यों जी?"

"एक बार राजीनामा दिया तो गया! फिर कोई पूछता नहीं. घर में बाल-बच्चे हैं ना?"

भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. धाकटा म्हणाला, "पर साहब, हम दोनों राजी हैं."

"दोनों?" दत्ता आणखीच घाबरला. "दोनों मत देना! कम से कम एक तो टिके रहो!"

त्याला वाटत होतं, दोघं कुठल्या तरी सरकारी नोकरीत आहेत आणि रागाच्या भरात सोडायला निघालेत. पोटतिडकीनं समजावत होता बिचारा. "डटे रहो! पीछे मत हटो! झुकना नहीं!" आणि ते ऐकता ऐकता थोरल्याचा चेहरा बदलत गेला. तो धाकट्याला म्हणाला, "देखा? वकील भी कह रहा है, झुकना नहीं." धाकट्यानं बाह्या वर केल्या. दोन मिनिटांत गचांडी!

सर धावत आले. मग उलगडा झाला, की तिकडं राजीनामा म्हणजे समेट. तडजोड! दोन भाऊ भांडण मिटवायला आले होते आणि आमच्या वकिलानं ते नव्यानं लावून दिलं होतं.

दत्ता घाईघाईनं दोघांच्या मध्ये घुसला, "सॉरी सॉरी, राजीनामा करो, जरूर करो!" तसे दोघं भाऊ मिळून त्याच्यावर ओरडायला लागले. पहिल्यांदाच एका बाजूनं! ओरडून दमले, मग तिथंच एका बाकावर बसून पाणी प्यायले, आणि सह्या करून गेले.

सरांनी दत्ताला पैकीच्या पैकी मार्क दिले. म्हणाले, "ये तरीका किताब में नहीं है."

*

चौथ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तान्याला घरी घेऊन आले. तिला भिगवणचे रोहित पक्षी बघायचे होते, फोटो काढायचे होते. तिथून तिला पळसदेवला नेलं. आईचे मामा तिथं राहतात, आख्खं गाव त्यांना तात्या म्हणतं. उजनी धरणाचं पाणी खाली गेलेलं, त्यामुळे त्यात बुडालेलं जुनं देऊळ वर आलं होतं. तात्यांनी आम्हाला होडीत घातलं.

तान्या देऊळ बघून वेडीच झाली. "वाव! अंकल, ये मंदिर पानी के अंदर कैसे बनाया?"

तात्यांनी वल्हं थांबवलं. "देऊळ पाण्यात न्हाय बांधलं बाई. पाणी देवळात आणून सोडलं."

मी भाषांतर केलं. तान्यानं मोबाइल खाली घेतला. मग म्हणाली, "आप का घर भी यहीं था?"

"हाय की," तात्या म्हणाले. 'होतं' नाही म्हणाले. हात करून दाखवलं, तिथं नुसतं पाणी चमकत होतं. "तितं चिंच, चिंचंच्या अंगाला आमचा दरवाजा."

तान्याच्या घरी दिल्लीत पार्किंगवरून सोसायटीशी वर्षभर भांडण चाललेलं. ती पाण्याकडे बघत राहिली. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "अंकल, ॲड्रेस क्या था?"

तात्यांनी बिडी शिलगावली.

"आता मासंच सांगत्याल."

आणि स्वतःच इतके हसले, की होडी डोलायला लागली आणि तान्या मला मिठी मारून किंचाळली!

*

शेवटच्या वर्षी मूट कोर्टची फायनल झाली. म्हणजे खोटा खटला, पण काळे कोट खरे आणि घाम त्याहून खरा. एका बाजूला कबीरची टीम, दुसऱ्या बाजूला मी आणि दत्ता. ट्रॉफी कबीरला गेली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव तिकडं टांगायला नको.

खटला होता कालव्याच्या पाण्याचा. वरच्या गावांनी पाणी अडवलं, शेवटच्या गावापर्यंत पोचलंच नाही. शेवटच्या गावाचे वकील आम्ही. न्यायाधीश म्हणून हायकोर्टाचे एक निवृत्त न्यायमूर्ती आले होते. पांढरीशुभ्र मिशी, ताठ कणा, आणि इंग्रजी असं, की वाक्य संपेपर्यंत आपण बावळट आहोत याची खात्री पटावी. सकाळपासून त्यांच्या तोंडून दुसऱ्या भाषेतला एक शब्द निघाला नव्हता. कबीरला त्यांनी चार प्रश्न विचारले, तो लोण्यातून सुरी फिरावी तसा बोलून बसला. हॉलमध्ये टाळ्या. पहिल्या रांगेत डीन सर.

दत्ता उभा राहिला. त्यानं इंग्रजीवर रक्त आटवलं होतं. सुरुवात झक्कास झाली. "माय लॉर्ड" म्हणत दोन मुद्दे सरळ मांडले. मी मनात देवाचं नाव घेत होते.

मग न्यायमूर्तींनी त्याला अडवलं. इंग्रजीतच म्हणाले, वकीलसाहेब, कालवा वरच्या गावातून जातो. पाणी आधी त्यांच्या दारात येतं. ते त्यांनी घेतलं तर त्यात चुकलं काय? शेवटच्या गावानं शेवटी घ्यावं, उरेल ते.

उरेल ते! डाळजच्या, कालव्याच्या पाण्याची वाट बघत ऊस जगवणाऱ्या घरच्या पोराला 'उरेल ते' म्हणायचं! मी दत्ताकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले. हातातले कागद टेबलावर पडले. इंग्रजी कुठल्या कुठं गेलं, आणि भर हॉलमध्ये, माइकवर, न्यायमूर्तींकडे हात करून तो ओरडला,

"तसं न्हाय ओ आबा!"

डीन सरांनी डोळे मिटून घेतले. कबीर तोंड उघडं टाकून बघत राहिला. दत्ताला आपण काय बोललो ते कळलं आणि त्यानं जीभ चावली. मला वाटलं, संपलं. आता बाहेर काढणार.

न्यायमूर्तींनी सावकाश चष्मा काढला. पुसला. टेबलावर ठेवला. खुर्ची पुढं ओढली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि म्हणाले,

"मग कसं हाय? सांग की!"