खडीतले टोमॅटो

टोमॅटोचं पान हवालदार कधी चिमटीत धरत नसत. बोटाची मागची बाजू पानाखाली घालून ते हळूच उचलत, आजारी मुलाची पापणी उलटून बघावी तसे. मग मान न वळवता विचारत, "पिवळं कोण पडलंय, मास्तर? म्हातारं का पोरगं?"

खालचं जुनं पान पिवळं पडलं तर झाडाला खाणं कमी पडतंय. शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर झाडाला लोह मिळत नाही. एवढी गोष्ट मी कॉलेजात वर्षभर शिकलो होतो. त्यांनी ती एका प्रश्नात संपवली, याचा मला थोडा रागच आला होता.

पलूसजवळच्या एका शेतकी शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो, तोही तात्पुरता. ते तिथे माळी होते. मूळचे मेढ्याकडचे. दुसऱ्या महायुद्धात ते इराकात होते आणि तिथल्या वाळवंटात गोऱ्या साहेबांसाठी मातीशिवाय, नुसत्या खडीत आणि खताच्या पाण्यात भाजी पिकवायच्या कामावर दोन वर्षं राबले होते. सगळे त्यांना हवालदार म्हणत. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. लढाईवरून बाकीचे घड्याळ नि ब्लँकेट घेऊन आले, हा एक वेड घेऊन आला.

दुष्काळ नुकताच सरला होता. थोड्या पाण्यात भाजी येते म्हटल्यावर प्राचार्यांनी त्यांना शाळेमागे सिमेंटचे चार वाफे बांधू दिले. वाफ्यांत खडी, खडीत टोमॅटो. शाळेची विहीर पन्नास पावलांवर होती, पण तिचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजत नसे. हवालदार सायकलला दोन डबे बांधून कृष्णेचं पाणी आणत. त्यात खतं मोजून घालत, लोहासाठी हिराकस घालत आणि वर दोन लिंबं पिळत.

मी एकदा म्हणालो, "हवालदार, मीठमिरचीपण घाला की."

"घालतो की. तुमी जेवाय येनार असला तर." मग गंभीर होऊन म्हणाले, "आवं मास्तर, लिंबू न्हाई पिळलं तर ह्यो हिराकस तळाला बसतूय. वाफ्यात हाय, पर झाडाच्या तोंडात न्हाई. काय उपेग?"

मुलीच्या लग्नासाठी त्यांनी दहा दिवसांची रजा काढली. रोजची एक याप्रमाणे खताच्या कागदी पुड्या बांधून माझ्या हवाली केल्या आणि सायकल माझ्या खोलीशी लावली. ज्या दिवशी ते परतणार, त्याच दिवशी जिल्ह्याचे अधिकारी वाफे बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर आणखी वीस वाफे आणि ही विद्या मुलांना शिकवायचं काम हवालदारांकडे, असं प्राचार्यांनी कबूल केलं होतं. "पोरांस्नी शिकवाय मिळंल," हे ते मला तीनदा बोलून दाखवून गेले. जाताना एकच सांगितलं, "हिरीचं पानी तेवढं घालू नगा. त्या जड पान्यात समदा हिराकस तळाला बसतूय. कमी घाला, पर नदीचं घाला."

दोन दिवस मी नदीवर गेलो. तिसऱ्या दिवशी ऊन फार होतं. चौथ्या दिवशी पेपर तपासायचे होते. पाणी शेवटी पाणीच, खत तर आपण घालतोच आहोत, अशी मी स्वतःची समजूत काढली आणि विहिरीवर बादली सोडली. लिंबं तर पहिल्या दिवसापासून पिळली नव्हती. शिकलेल्या माणसाने पोरांदेखत लिंबं पिळायची, याची मला लाज वाटत होती.

आठव्या दिवशी शेंडे पिवळे पडले. मी घाबरून मूठभर हिराकस जास्त टाकला. दहाव्या दिवशी शेंडे पांढरे पडले होते.

हवालदार एसटीतून उतरून थेट वाफ्यांवर आले. कपाळाला लग्नातलं कुंकू तसंच होतं. त्यांनी खडीत हात घातला आणि तळाचा तांबडा गाळ बोटांवर घेतला. "हीर," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार तेवढ्यात प्राचार्य पाहुण्यांना घेऊन आले.

"हवालदार, हे काय झालं?"



"माज्या हातनं चुकलं, साहेब. लग्नाच्या गडबडीत पुड्या चुकीच्या बांधल्या गेल्या."

संध्याकाळी मी म्हणालो, "मी प्राचार्यांना खरं सांगतो."

"काय सांगतासा? तुमची नोकरी कच्ची हाय. मला पेन्शन हाय. गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. मला गप्पच राहायचं होतं, त्यांनी फक्त सोय करून दिली.

महिन्याभरात वाफे फोडले. त्यांतली खडी शाळेच्या रस्त्यावर पसरली आणि हवालदारांना फाटकावर बसवलं. मी त्या खडीवरून सायकल हाकत आलो की ते उठून सलाम ठोकत, पूर्वीसारखाच. सलामात कुठे टोचणी असती तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या वर्षी मी कायम झालो. त्यांनी पेढा मागून घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते नोकरी सोडून गावी गेले.

पुढे माझी बदली साताऱ्याला झाली. तिथून मेढा काही लांब नाही, तरी जायला मी तीन वर्षं लावली. गेलो तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या बायकोने घोंगडं टाकलं, चहा दिला. घरामागच्या परसात मला काहीच लावलेलं दिसलं नाही.

"मी किती मागं लागले, हितंबी तसलं वाफं करा म्हनून," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हनायचं. तिथं मोप झाडं मारली, आता माजा हात चांगला न्हाई म्हनायचं. पोरगी अजून रडती, माज्या लग्नापायी आबांचं काम गेलं म्हनून."

सगळं सांगायचं असं ठरवूनच मी आलो होतो.

त्या जरा पुढे सरकून बसल्या. "आवं, चहात साखर मोजून घालनारं मानूस ते. मला काय पटत न्हाई बगा. तुमी व्हता नव्हं तिथं? खरंच पुड्या चुकल्या व्हत्या?"

"हो," मी म्हणालो.