दत्तोबाची मुकी ढोलकी

स्वारगेटच्या डेपोत दत्तोबा बसगाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचा. दिवसभर पत्रा बडवायचा आणि संध्याकाळी ढोलकी. बायको सोजरबाई म्हणायची, "देवानं ह्यांना हात दिले ते नुसते बडवायला!" पण नाताळात चर्चची भजनी मंडळी घरोघरी निघाली, की दत्तोबाच्या ढोलकीने गुलटेकडीतली भांडी फळीवर नाचायची.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय परत आला, हात काही येईना.

पुढे आगमनकाळ लागला: नाताळाआधी येशूची वाट बघायचे चार आठवडे, दर रविवारी एक मेणबत्ती. चर्चमध्ये पहिली मेणबत्ती पेटली आणि दत्तोबाने देवाशी रोखठोक बोलणी केली: नाताळपर्यंत उजवा हात चालता कर, दुसरं काही नको. मागणं एकच, पण तारखेसकट! रोज प्रार्थना, रोज तेल. ढोलकी गोधडीत गुंडाळून खाटेखाली. कोणी शिवायचं नाही.

भजनी मंडळीत पेटी वाजवणारे हिंदुराव येऊन म्हणाले, "दत्तोबा, ढोलकी द्या. यंदा माझा भाचा वाजवेल."

"कशाला? माझा हात येतोय."

"कुठवर आलाय? लोणी काळभोर सोडलं का त्याने?"

दत्तोबाने तोंड फिरवलं.

चौथ्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "लोक घोड्यावरच्या राजाची वाट बघत बसले, म्हणून गोठ्यातलं बाळ त्यांना दिसलं नाही." दत्तोबाने ऐकलं आणि घरी येऊन तेलाची वाटी भिंतीकडे सरकवली.

"बास झालं. त्यानं माझं ऐकलं नाही."

"ऐकलं न्हाई, का तुम्हीच सांगत बसला?" सोजरबाई परातीत पीठ घेत म्हणाली. "हे कर, असं कर, ह्या तारखेला कर! देव काय तुमचा डेपोतला हेल्पर हाय?"

हिंदुरावांना देऊन टाकावी म्हणून त्याने ढोलकी बाहेर ओढली. गोधडी सोडवताना डावा हात चामड्याच्या पुडीवर पडला. धूम्! किती महिन्यांनी तो आवाज घरात घुमला. त्याने पुन्हा मारला. धूम्... आणि मधल्या रिकाम्या जागेत चुलीपाशी भाकरी थापली जात होती. थप थप. धूम्, थप थप, धूम्. दत्तोबाने कान टवकारले. इतकी वर्षं ऐकून ऐकून बाईच्या हातात ठेका मुरला होता, आणि तिला पत्ता नव्हता!

"सोजर, इकडे ये."

"तव्यावर भाकरी हाय."

"करपू दे."

भाकरी करपू दे म्हणणारा नवरा तिने जन्मात पाहिला नव्हता. घाबरून तशीच पिठाच्या हातांनी आली.

"बस इथं. उजव्या पुडीवर थाप."

"अगं बाई! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. थाप!"

आता लगेच जमलं असं समजू नका. ती पुढे पळायची, हा ओरडायचा, ती दुप्पट ओरडायची. शेजाऱ्यांना वाटलं, ऐन सणात ह्यांचं बिनसलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी दोघं मंडळीत हजर, मध्ये ढोलकी. हिंदुरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "ढोलकी एक, वाजवणारे दोन. करंज्यांची ताटली मात्र एकच मिळेल." आणि त्यांनी सूर धरला.

पहिल्या घरी सोजरबाई गडबडली. दत्तोबाने डाव्या हाताने तिला सावरून घेतलं. तिसऱ्या घरी तिचा पदर खांद्यावरून घसरला तरी हात थांबला नाही, आणि दत्तोबा इतका मोठ्याने हसला की भजनाचं एक कडवं बुडालं. उजवा हात मांडीवर निवांत पडला होता. त्याची त्या संध्याकाळी त्याला आठवणही झाली नाही.

तो हात पुढेही कधी आला नाही. दुसऱ्या वर्षी पहिली मेणबत्ती लागली तेव्हा हिंदुरावांनी विचारलं, "काय दत्तोबा, यंदा काय मागितलं?"

"ये म्हटलं फक्त. कसं यायचं ते त्याचं तो बघेल."

"आणि येताना आमची करपलेली भाकरी भरून दे म्हणावं," सोजरबाई म्हणाली, आणि ढोलकी काखेत मारून पुढे चालू लागली.