बुवा कोण?

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच. बी.ए. झालो तेव्हा वडिलांनी, अण्णांनी, त्यांच्या मिलच्या फाटकावर पेढे वाटले. मी वाटू दिले. कमावलं होतं, लाजायचं कशाला?

कॉलेजच्या प्रार्थनेत मी पहिल्यांदा एकच गाणं वेगवेगळ्या आवाजांत, एकाच वेळी ऐकलं आणि त्याच नादाला लागलो. पुढे जन्मभर समूहगीतं बांधली, पोरापोरींचे गळे तयार केले. पण माझे पहिले गायक मिलमधले.

तेव्हा मध्यभारत नावाचं राज्य होतं. उन्हाळ्यात सरकार ग्वाल्हेरहून इंदूरला यायचं आणि जो तो मंत्र्यांना बोलवायचा. आमच्या मिलमध्येही समारंभ ठरला. गाणं बसवायचं काम मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे दिलं. गळे शोधावे लागले नाहीत, अण्णांचं भजनी मंडळ होतंच. अण्णा एरवी साच्यावर कापड विणणारे कामगार, पण दर गुरुवारी चाळीत ते बुवा. ते ओळ म्हणत आणि थांबत, मग बाकीचे तीच ओळ उचलत. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

माझ्या गाण्यात थांबणं नव्हतं. अर्ध्यांनी खालचा सा धरून ठेवायचा, अर्ध्यांनी वर चाल म्हणायची. पहिल्याच तालमीत अण्णांनी खड्या आवाजात ओळ म्हटली आणि सवयीनं थांबले. सा धरलेल्यांनी सा सोडला आणि बुवांची ओळ उचलली. गाणं कोसळलं. रोज तिथेच कोसळायचं.

"अण्णा, थांबू नका ना."

"मग हे बाकीचे कधी म्हणणार?"

"तुमच्याबरोबरच."

"सगळे एकदम? मग बुवा कोण?"

"कोणीच नाही."

देपालपूरचा ढोलकीवाला खिदळला. "राजेलोग गेले, बुवा, अब आपका नंबर!"

सगळ्यांत मोठ्यानं अण्णाच हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबले. मुद्दाम नव्हे, गळाच तसा घडला होता.

समारंभ जवळ आला तेव्हा जेवताना मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही समोर बसा. ऐकायला."

त्यांनी घास चावून संपवला. "मंत्र्यांजवळ का?"

"जवळच."

आई तव्यासमोरून वळली. "त्यांच्याच माणसांतून त्यांनाच उठवतोस होय रे?"

"तू गप," अण्णा म्हणाले. "त्याला कळतं त्यातलं. उगीच शिकवलंय का?"

ते रागावले असते तर मी भांडलो असतो. भांडायला येतं मला.

समारंभात अण्णा काळी टोपी घालून समोर बसले होते. गाणं कुठेतरी अडावं, मंडळींना त्यांच्यावाचून जमू नये, असं मला मनातून वाटत होतं. स्वतः बांधलेल्या गाण्याबद्दल असं वाटणारा दुसरा कोणी मी पाहिलेला नाही. पण अडलं नाही. सा शेवटपर्यंत टिकला. गाणं त्यांच्यावाचून चांगलं झालं, आणि हे मला आजही खोटं म्हणता येत नाही. मंत्री उठून उभे राहिले. अण्णा त्यांच्याआधी उठले होते.

खरा घाव पुढच्या गुरुवारी बसला. भजनाला सुरुवात होणार तोच ढोलकीवाला म्हणाला, "बुवा, आज सगळे एकदम म्हणू या ना? तुमच्या मागे-मागे म्हणण्यात आता मजा नाय येत. मास्तरजी, आप बताओ कसं करायचं ते."

मी अण्णांकडे पाहिलं. 'नको, भजन भजनासारखंच होऊ दे,' एवढंच मला म्हणायचं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते बघणं मला आवडत होतं.

अण्णा पेटीसमोरून उठले. मागच्या रांगेतल्याला म्हणाले, "सरक रे भिया, थोडा."

मी पेटीवर बसलो. सूर दिला. सगळे एकदम गायले, अण्णाही. त्यात त्यांचा आवाज मी शोधत राहिलो, पण वेगळा असा तो ऐकू आला नाही. इतकं चांगलं मिसळून ते पूर्वी कधी गायले नव्हते.